नागपूरच्या बसचा हिशेब गावच्या फाट्यापासून

शहराची सार्वजनिक वाहतूक हा शहरात राहणाऱ्यांचाच विषय आहे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात नागपूरच्या गणेशपेठ किंवा मोरभवन स्थानकावर सकाळी उतरणाऱ्या माणसांकडे पाहिले, तर त्यांत उमरेड, भिवापूर, काटोल, समुद्रपूर, पवनी अशा भागांतून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत निघालेले रुग्ण, कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी, महाविद्यालयात जाणारी मुले-मुली आणि बांधकामावर निघालेले मजूर दिसतात. हे लोक नागपूर महापालिकेचे मतदार नसतात, तिथल्या आराखड्यांवरच्या सुनावणीला त्यांना कोणी बोलावत नाही. परंतु तिथली शहर बस, तिथला ऑटो, तिथला फुटपाथ आणि तिथली मेट्रो त्यांनाही वापरावी लागते. म्हणून शहरातील वाहतूक न्याय्य आहे की नाही, याचा हिशेब शहराच्या नाक्यापासून नव्हे, तर गावच्या फाट्यापासून मांडायला हवा. तो कसा मांडायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वाहतूक न्याय्य करणे म्हणजे तिकीट स्वस्त करणे, असा अर्थ आपण सहसा घेतो. तिकीट हा प्रवासाच्या किमतीचा एक भाग झाला. दुसरा भाग वेळेचा, म्हणजे गाडीत बसून आणि गाडीची वाट पाहून गेलेल्या तासांचा असतो. याशिवाय गाडी नक्की येईल की नाही याची अनिश्चितता असते आणि पायऱ्या चढणे, उभे राहणे, सामान व लेकरू सांभाळणे यांत शरीराला पडणारे कष्ट असतात. तिशीतला धडधाकट माणूस हे शेवटचे दोन भाग हिशेबातच धरत नाही. गरोदर बाई, गुडघे दुखणारी आजी, कुबडी घेऊन चालणारा तरुण किंवा डोळ्यांनी न दिसणारा विद्यार्थी यांच्यासाठी मात्र प्रवास करायचा की नाही, हे बहुतेक वेळा त्यांवरच ठरते. वाहतूक नियोजनात ‘सुगम्यता’ म्हणतात ती याच संपूर्ण किमतीचा विचार करते: माणूस घरातून निघून दवाखान्याच्या, शाळेच्या किंवा कामाच्या दारापर्यंत पोहोचून दिवस मावळण्यापूर्वी परत येऊ शकतो का, हा तिचा प्रश्न आहे.

तिकिटाच्या बाबतीत महाराष्ट्रात बरेच काही झाले आहे, हे आधी मान्य करायला हवे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो, विद्यार्थ्यांच्या मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना ७५ टक्के सवलत आहे, आणि सिकलसेल, हिमोफिलिया, डायलिसिस अशा रुग्णांना उपचारासाठी काही अटींवर मोफत प्रवास करता येतो. सिकलसेलचा उल्लेख पूर्व विदर्भात विशेष महत्त्वाचा आहे, कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

तरीही या सवलतींची रचना नीट पाहिली, तर दोन उणिवा दिसतात. पहिली अशी की सवलत वय, लिंग किंवा आजार पाहून मिळते, उत्पन्न पाहून नव्हे. त्यामुळे ७६ वर्षांचे सुखवस्तू गृहस्थ मोफत जातात, आणि त्याच बाकावर बसलेला पन्नाशीचा भूमिहीन मजूर पूर्ण भाडे भरतो. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा ही वाढ पूर्णपणे त्याच्या अंगावर पडली. दुसरी उणीव कागदपत्रांची आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला जावे लागते, आणि प्रमाणपत्र हाती नसल्यामुळे त्यासाठीच्या सगळ्या खेपा पूर्ण भाड्याने कराव्या लागतात. ज्याला प्रवास सर्वांत कठीण, त्याने सवलतीसाठी आधी तोच प्रवास करायचा, असा हा उफराटा कारभार आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरावीक दिवशी तपासणीचे शिबिर नियमितपणे झाले, तर यातला मोठा भाग सुटेल. त्यासाठी नवी बस घ्यावी लागणार नाही आणि नवी योजनाही काढावी लागणार नाही.

आता वेळेकडे वळू, कारण विदर्भातील खेड्यांसाठी खरी किंमत तिथेच दडलेली आहे. समजा, कुरखेडा तालुक्यातील एका गावातून सिकलसेलग्रस्त मुलाला घेऊन आई-वडील नागपूरला तपासणीसाठी निघाले. मुलाचे तिकीट माफ आहे, आईचे निम्मे आहे. परंतु सकाळी गावातून सुटणारी गाडी नागपुरात पोहोचेपर्यंत बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठी काढण्याची वेळ संपत आली असेल, तर एक दिवस वाया जातो किंवा आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे लागते. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साठी राज्यात ३१२ रुपये रोज ठरलेला होता. दोघांचा एक दिवस बुडाला की ६२४ रुपये गेले, आणि मुक्काम पडला तर १,२४८ रुपये. तिकिटाच्या सवलतीने जे वाचले, ते याच्यापुढे फारसे उरत नाही. गाडीची वेळ तासाभराने अलीकडे आणली असती, तर या कुटुंबाला भाड्यातील सवलतीपेक्षा अधिक फायदा झाला असता. वेळापत्रक हे गरिबाच्या बाजूचे किंवा त्याच्या विरोधातले असू शकते, ही गोष्ट तिकीटदराच्या चर्चेत कुठेच येत नाही.

वेळेचा आणि फेऱ्यांचा संबंध समजून घ्यायला थोडे गणित पुरते. दहा मिनिटांनी एक बस असेल, तर थांब्यावर केव्हाही आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. तासाला एक असेल तर अर्धा तास. दिवसातून दोनच फेऱ्या असतील, तर थांब्यावरची वाट फार दिसत नाही, कारण माणूस वेळ पाहूनच येतो. पण ती वाट शहरात उमटते. काम बाराला संपले आणि परतीची गाडी पाचला असेल, तर ते पाच तास स्थानकाच्या बाकावर जातात. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये यातला एक नियम मांडला: सार्वजनिक वाहतुकीत प्रवासी वाढले की फेऱ्या वाढतात आणि फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाची वाट कमी होते, म्हणजे येणारा प्रत्येक नवा प्रवासी आधीच्या प्रवाशांचेही भले करतो. म्हणूनच सार्वजनिक वाहतुकीला सरकारी पैसा देण्यामागे दयाबुद्धीखेरीज शुद्ध अर्थशास्त्रीय कारणही आहे. हा नियम उलट्या दिशेनेही तितकाच चोख चालतो. एक फेरी बंद झाली की उरलेल्या फेरीची वेळ काही प्रवाशांना गैरसोयीची होते, ते दुचाकी घेतात किंवा काळी-पिवळी या खासगी प्रवासी जीपकडे वळतात, मग उरलेल्या फेरीतही माणसे कमी दिसतात, आणि पुढच्या आढाव्यात तीही बंद होते.

हा आढावा ज्या आकड्यावर होतो त्याला एसटीत ‘भारमान’ म्हणतात. ढोबळपणे सांगायचे तर बसमध्ये ४४ जागा असतील आणि संपूर्ण मार्गावर सरासरी २२ भरलेल्या असतील, तर भारमान ५० टक्के. आकडा सरळ आहे, म्हणूनच तो फसवा आहे. खेड्यातील सकाळची गाडी तालुक्याकडे येताना खचाखच भरते आणि गावाकडे परत जाताना जवळपास रिकामी जाते, कारण सकाळी दहाला तालुक्याहून गावाकडे कोण जाणार? दोन्ही दिशांची सरासरी काढली की ती फेरी तोट्यात दिसते. त्याहून मोठी चूक अशी की गावातून आलेला प्रवासी तालुक्याच्या स्थानकावर उतरून नागपूरच्या लांब पल्ल्याच्या गाडीत बसतो. त्याचे मोठे भाडे त्या दुसऱ्या गाडीच्या खात्यावर जमा होते, आणि ज्या गाडीने त्याला आणले तिच्या नावावर फक्त पहिले काही किलोमीटर लागतात. कालव्याच्या शेपटाकडे पाणी पोहोचले नाही, तर तिथल्या शेतकऱ्याला पाण्याची गरजच नाही असे कोणी म्हणत नाही. गावच्या फेरीच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणतो.

तोटा हा शब्द येथे जपून वापरायला हवा, असे मला वाटते. जास्तीत जास्त प्रवासी मिळवणे आणि जास्तीत जास्त गावांपर्यंत पोहोचणे, ही बस सेवेची दोन वेगवेगळी उद्दिष्टे आहेत. पहिल्यासाठी गाड्या नागपूर-अमरावती, नागपूर-चंद्रपूर अशा मोठ्या मार्गांवर ओळीने सोडाव्या लागतात. दुसऱ्यासाठी त्याच गाड्या मेळघाटात, झरी-जामणीत, एटापल्लीत पाठवाव्या लागतात. दोन्ही उद्दिष्टे एकाच गाडीकडून एकाच वेळी पूर्ण होत नाहीत. किती गाड्या कशासाठी, हा निर्णय तांत्रिक नसून लोकप्रतिनिधींनी उघडपणे घ्यायचा आहे. तो उघडपणे घेतला गेला नाही, की आगारातील अधिकारी नाइलाजाने भारमानाच्या तक्त्यावर घेतो, आणि मग दोष त्याला मिळतो. गावांपर्यंत पोहोचण्यासाठीच्या फेऱ्यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवला, तर त्या तोट्यातील फेऱ्या राहत नाहीत. शाळा किंवा आरोग्य उपकेंद्र जसे तोट्यात नसते, तशाच. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बस याचेच एक उदाहरण आहेत. मागास तालुक्यांतील मुलींना शाळेत पोहोचवणे हेच त्यांचे काम असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र निधी आला, आणि भारमानाची कात्री त्यांच्यावर तशी चालली नाही.

एसटी नसते तेव्हा काय होते, याचा अनुभव राज्याने अलीकडेच घेतला आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या काळात काळी-पिवळी, मालवाहू गाड्या आणि ओळखीच्या माणसाची दुचाकी यांवर लोकांनी दिवस काढले. काळी-पिवळीला नावे ठेवणे सोपे आहे. ती भरल्याशिवाय सुटत नाही, टपावरही माणसे बसवते, आणि तिच्यात कोणतीच सवलत चालत नाही. परंतु जिथे बस जात नाही तिथे तीच जाते. तिला हटवण्याऐवजी ठरावीक मार्ग, ठरावीक भाडे आणि बसच्या वेळेशी जुळणारी वेळ या अटींवर परवाना देऊन फाट्यापर्यंतच्या सेवेत सामील करून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

शरीराच्या कष्टांबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. साध्या बसच्या आतली जमीन रस्त्यापासून साधारण ९० सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असते, कारण ती ट्रकसारख्या सांगाड्यावर बांधलेली असते. शहरांतील लो-फ्लोअर बसची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधताना प्रत्येक एका सेंटिमीटर उंचीमागे बारा सेंटिमीटर लांबी, असे प्रमाण धरतात. ९० सेंटिमीटरसाठी जवळपास ११ मीटर लांबीचा उतार लागेल, म्हणजे बसएवढाच लांब, जो अर्थातच शक्य नाही. पण थांब्याचा ओटा ३० सेंटिमीटर उंच असेल आणि बस ४० सेंटिमीटरची असेल, तर फरक केवळ १० सेंटिमीटर उरतो आणि सव्वा मीटरची फळी पुरते. यातून लक्षात येते की सुगम बस ही एकट्या बसने होत नाही, ती बस आणि थांबा मिळून होते. महागडी लो-फ्लोअर बस घेऊन ती फुटपाथपासून चार हात दूर, रस्त्याच्या मधोमध उभी केली, तर सगळा खर्च पाण्यात जातो.

खेड्यांतील रस्त्यांवर, विशेषतः पावसाळ्यात, लो-फ्लोअर बस चालणार नाही, ही अडचण खरी आहे. मात्र तेवढ्यावर विषय संपवायचे कारण नाही. दारात खाली उतरणारी एक जादा पायरी, दोन्ही बाजूंना हाताला येईल असा दांडा, पायऱ्यांच्या कडेला ठळक पिवळा पट्टा आणि तालुक्याच्या स्थानकावर बसच्या पायरीशी जुळणारा एखादा उंच फलाट एवढ्याने चाकाच्या खुर्चीचा प्रश्न सुटत नसला, तरी म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि कमी दिसणारे प्रवासी यांचा मोठा त्रास वाचतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांतील सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. सुगम्यतेवरचा खर्च मात्र प्रामुख्याने महानगरांत होतो.

कायदा या बाबतीत गप्प नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे ४१ वे कलम बसथांबे, रेल्वे स्थानके आणि वाहने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. जुन्या वाहनांत बदल करण्याबाबत मात्र ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारे असेल तेथे’ अशा आशयाची पळवाट त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की या कायद्याखालील नियमांत सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक सूचनांसारखे ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्याचे निर्देश केंद्राला दिले. म्हणजे फलाटाचा उतार किंवा उद्घोषणा ही मेहेरबानी नसून हक्काची मागणी आहे, असे अर्जात लिहायला आता आधार आहे.

नागपुरात उतरल्यानंतरचा टप्पा पाहू. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झालेल्या नागपूर मेट्रोत लिफ्ट आहेत, अंधांसाठी जमिनीवर उंचवट्यांच्या फरशा आहेत, डब्यात चाकाच्या खुर्चीसाठी जागा आहे, उद्घोषणाही होते. सुगम्यतेच्या बाबतीत विदर्भातील कोणत्याही बसस्थानकापेक्षा ती कितीतरी पुढे आहे. अडचण तिच्या दाराबाहेर सुरू होते. गणेशपेठ स्थानकाच्या दारात मेट्रो नाही आणि मेडिकल चौकातही नाही. खेड्यातील रुग्णाचा सर्वांत ठरलेला प्रवास म्हणजे बसस्थानकापासून मेडिकलपर्यंतचा, आणि ८,६८० कोटी रुपयांच्या त्या पहिल्या टप्प्याच्या नकाशात नेमका तोच बसत नाही. मेट्रोची आखणी चुकली असे मी म्हणत नाही. पण आखणी करताना शहरातील नोकरदाराची ये-जा मोजली जाते आणि बाहेरून येणाऱ्याची मोजली जात नाही, हे त्यावरून दिसते. हा दुवा जोडायला नवा मार्ग बांधावा लागत नाही. बसस्थानक, मेडिकल, मेयो आणि जवळचे मेट्रो स्थानक यांना जोडणारी, वारंवार सुटणारी आणि ठळक ओळखू येणारी शहर बस पुरेशी आहे.

तिकिटांचे तुटलेपणही येथेच बोचते. एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. जो जितका दूर, त्याला तितके जास्त. वरवर हे रास्त वाटते. परंतु शहराजवळची जमीन महाग असल्याने गरीब माणूस दूर राहतो, आणि अंतरावर आधारलेले भाडे त्या दूर राहण्याचा दंडच वसूल करते. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका बांधल्या आणि पुढे संपूर्ण जाळ्यावर एकच भाडे ठेवले, त्यामुळे जवळचा प्रवासी दूरच्या प्रवाशाचा भार थोडा उचलतो. दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या सिरोंचा-गडचिरोली प्रवासाला हे जसेच्या तसे लागू होणार नाही, हे उघड आहे. पण एसटीतून उतरलेल्याला त्याच तिकिटावर शहर बसचा पुढचा प्रवास करता यावा, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. आज तो शहरात पाय ठेवताच नवा प्रवासी ठरतो, नवे भाडे भरतो, आणि एसटीतील त्याची सवलत स्थानकाच्या फाटकातच संपते.

पैसा कोठून येणार, हा प्रश्न टाळता येत नाही. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून द्यायची असते. ती उशिरा आली की डिझेल, सुटे भाग आणि पगार अडतात, आणि बिघडलेली गाडी आगारात उभी राहते. सवलत जाहीर करणारा आणि फेरी रद्द करणारा असे दोन वेगळे चेहरे दिसतात, पण कारण एकच असते. शेजारच्या तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील महिलांना बसप्रवास मोफत केला. राजुरा, सिरोंचा या सीमेवरच्या तालुक्यांत त्याची चर्चा साहजिकच होते. तिथेही गर्दी वाढली की गाड्या वाढवाव्या लागतात, हा धडा मिळाला. नव्या सवलतीसोबत किती नव्या फेऱ्या येणार, हे त्याच घोषणेत विचारले गेले पाहिजे.

गावपातळीवर मागणी करायची झाल्यास ‘बस सुरू करा’ एवढाच अर्ज देऊन फारसे काही हाती लागत नाही. ग्रामसभेच्या ठरावात कोणत्या वेळी किती विद्यार्थी, किती रुग्ण आणि किती मजूर निघतात, पुढे ते कोणत्या गाडीत बसतात आणि परत केव्हा येऊ इच्छितात, याची आठवडाभराची नोंद जोडली, तर आगार व्यवस्थापकाला भारमानाच्या तक्त्यात न दिसणारे प्रवासी दाखवता येतात. मुक्कामी गाडीची मागणी करताना चालक-वाहकांना झोपायला खोली, पाणी आणि शौचालय ग्रामपंचायत देईल, असे त्याच ठरावात लिहावे. रात्री गावात थांबलेली गाडीच पहाटे सुटू शकते, आणि पहाटे सुटलेली गाडीच चिठ्ठी बंद होण्याआधी मेडिकलला पोहोचवते.